जलसंपदामंत्री

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे चोळत उठलो, तर बाथरूमच्या दारावर वहीचा कागद चिकटवलेला.

‘पाणीसाठा : ८१ टक्के. कालचा विसर्ग : साडेसात गॅलन. आवक : शून्य. आंघोळीचं पहिलं आवर्तन : उद्या, साठा पाहून.’

खाली सही नव्हती. लागतही नव्हती. आम्ही सहा जण, म्हणजे काका, काकू, मी, बायको आणि दोन पोरं, काकांच्या चोवीस फुटी आरव्हीत, चाकांवरच्या वन-रूम-किचनमध्येच म्हणा ना, तीन रात्रींसाठी कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्रीच्या वाळवंटात येऊन पडलो होतो. आमचा तळ जम्बो रॉक्स. तिथे मुक्कामाच्या जागा १२४, आणि नळ एकही नाही. या उद्यानात पाण्याची सोय असलेले तळ दोनच, ब्लॅक रॉक आणि कॉटनवुड. काकांनी ते दोन्ही टाळून मुद्दाम हा निवडला होता. “दाराशी नळ आला की माणूस सैल सुटतो,” हे त्यांचं म्हणणं.

अमेरिकेतल्या प्रत्येक मराठी टोळक्यात एक भेळ करणारी असते, एक कॅरम आणणारा असतो, एक जण रस्ता चुकल्यावर ‘मी म्हणालोच होतो’ म्हणायला असतो. आणि आरव्ही घेऊन हिंडणारं टोळकं असेल तर त्यात पाण्याचा एक माणूस असतोच असतो. तो बहुधा निवृत्त इंजिनिअर, बहुधा दुष्काळी जिल्ह्यातला. त्याच्या खिशात तीन प्रकारचे वॉशर सापडतात आणि कुठल्याही गप्पा तो चौथ्या वाक्याला टाकीपाशी आणून सोडतो. आमच्यातल्या या माणसाला आम्ही जलसंपदामंत्री म्हणतो. काकू गाडीला टँकर म्हणतात.

काका सोलापूरचे. शंभरेक किलोमीटरवर उजनी धरण, ते तुडुंब भरलं तरी गावात नळ येणार तीन-चार दिवसांआड. लहानपणी पहाटे उठून घागर रांगेत लावायची, घागर कमी पडली तर आपल्या नावाचा दगड ठेवायचा, आणि चावीवाल्याची सायकल दिसली की ‘नळ आला, नळ आला’ करत गल्ली जागी करायची, हे त्यांचं बालपण. आता काकांना सिलिकॉन व्हॅलीत येऊन पस्तीस वर्षं झाली. इथे नळ चोवीस तास येतो. त्या नळाची रांग नाही, भांडण नाही, वाट पाहणं नाही. काही वर्षं काकांनी हे सोसलं. निवृत्त झाले त्या महिन्यात त्यांनी सेकंडहँड आरव्ही घेतली, आणि ज्या काळजीतून सुटायला सात समुद्र ओलांडले होते, तीच काळजी रोख डॉलर मोजून घरी आणली. तेव्हापासून त्यांची तब्येत सुधारली आहे.

उजनीची टक्केवारी ते अजून रोज फोनवर बघतात. उजनी मायनसमध्ये गेलं की त्या दिवशी घरी कोणी जोरात बोलत नाही. हीच भाषा त्यांनी टाकीला लावली. चाळीस गॅलनची टाकी हा जलाशय. तिच्या तळाचं, पंपाला ओढता न येणारं पाणी हा मृतसाठा. सिंकचा नळ हा डावा कालवा, बाथरूमचा उजवा. माझी पोरं मागच्या बंकवर झोपायची आणि दात घासायला शेवटी यायची, तेव्हा काका पाणी बंद करता करता म्हणायचे, “टेलच्या शेतकऱ्याची नेहमी हीच तक्रार असते.”

ट्रिपची खरी सुरुवात आठवडाभर आधी होते. आधी टाकीचं शुद्धीकरण. दर पंधरा गॅलनला पाव कप बिनवासाचं ब्लीच, म्हणजे चाळीसला दोन तृतीयांश कप, हे काका औषधासारखं मापतात. ते पाण्यात कालवून टाकीत सोडायचं, गाडीतला प्रत्येक नळ ब्लीचचा वास येईपर्यंत उघडा ठेवायचा आणि मग रात्रभर ते लोणच्यासारखं मुरू द्यायचं. सकाळी सगळं काढून दोनदा धुवायचं. एका वर्षी दुसऱ्यांदा धुण्यावर त्यांनी पाणी वाचवलं. त्या ट्रिपचा चहा आम्ही नाकाला रुमाल लावून प्यायलो. काकू म्हणाल्या, “पावसाळ्यात आमच्या नळाला येतं ना, तसंच लागतंय.” काकांचे डोळे पाणावले. ते ब्लीचमुळे की गावाच्या आठवणीने, विचारण्याची सोय नव्हती.

मग नळ्या. या गाडीच्या पोटात दोन नळ्या असतात आणि त्यांच्यात सोवळं-ओवळं आहे. पांढरी नळी सोवळ्यातली. ती पिण्याच्या पाण्यासाठी वेगळ्या प्लॅस्टिकची बनवलेली असते. बागेच्या हिरव्या नळीतून भरलं तर पाण्याला रबराचा वास येतो आणि नको ते पोटात जातं. दुसरी, करड्या रंगाची, सांडपाण्याच्या टाक्या धुवायची, ती ओवळ्यातली. दोघींचे कप्पे वेगळे, पिशव्या वेगळ्या, हातमोजेही वेगळे. काम झालं की पांढरीची दोन्ही टोकं एकमेकांत पिळून बंद करायची, म्हणजे आत किडामुंगी जात नाही. एकदा माझ्या मुलाने चिखलाच्या चपला पांढऱ्या नळीने धुतल्या. काका ओरडले नाहीत. त्यांनी नळी हातभर लांब धरून कचऱ्याच्या डब्यात नेऊन ठेवली आणि नवी आणायला दुकानात निघून गेले. आईच्या सोवळ्याला आयुष्यभर हसलेला माणूस हा.

नळीच्या आधी पितळी प्रेशर रेग्युलेटर. गावोगावच्या नळाचा दाब सारखा नसतो. चाळीस-पन्नास पीएसआयच्या फार वर गेला तर गाडीतल्या बारीक पाइपांचे सांधे सुटायची भीती असते. काका तो बसवताना दर वेळी सांगतात, “सोलापुरात दाब नाही म्हणून चोरून मोटार लावायचो. इथे दाब जास्त म्हणून पितळेचं बूच लावतो. माणसाला पाणी हवं तसं कधी मिळत नाही.”

या वेळी निघताना मी एक चूक केली. “काका, जोशुआ ट्री पाचशे मैलांवर आहे,” म्हणालो. “गॅलनभर पाण्याचं वजन पावणेचार किलो. चाळीस गॅलनचे दीडशे किलो होतात, म्हणजे दोन धडधाकट जावई, जेवल्यानंतरचे. एवढं ओझं तिथपर्यंत ओढून पेट्रोल कशाला जाळायचं? ब्लॅक रॉकला नळ आहे, तिथे भरून पुढे जाऊ.”

काका माझ्याकडे बघत राहिले. मुलीला परक्या गावात आयत्या वेळी स्थळ बघू, असं काहीसं मी बोललो असावं.

“तिथलं पाणी मानवेल का?”

“काका, नॅशनल पार्कचं पाणी आहे. पिण्याचंच असतं.”

“पण ते धरणाचं आहे का?”

काका राहतात रेडवुड सिटीत. तिथे नळाला येतं ते मुख्यतः हेच हेचीचं, योसेमिटीच्या डोंगरातलं बर्फाचं पाणी. १६७ मैल ते पंपाशिवाय, नुसत्या उतारावर येतं. १९३४ साली पहिल्यांदा ते सॅन फ्रान्सिस्कोकडे पोहोचलं, ही तारीख काकांना लग्नाच्या वाढदिवसापेक्षा पक्की पाठ आहे. “अरे, नावातच आहे सगळं,” ते म्हणाले. “कुठलं पाणी हवं? हेच!” यावर वाद संपतो. टाकी घरीच भरली गेली. शिवाय पिण्यासाठी पाच-पाच गॅलनचे सहा निळे कॅन. माणशी रोज निदान एक गॅलन जवळ ठेवा, असं वाळवंटातल्या उद्यानांचं सांगणं असतंच. काकांनी त्यात आपले वडीलधारे गॅलन मिळवले. काकूंनी एक कॅन उचलून पाहिला आणि खाली ठेवला. “कमरेवर बसत नाही मेला. याच्यापेक्षा कळशी बरी.”

आता प्रश्न पडेल की ८१ टक्के हा आकडा येतो कुठून. गाडीत भिंतीवर एक पट्टी असते आणि तिच्यावर चार दिवे असतात : रिकामी, एक तृतीयांश, दोन तृतीयांश, भरलेली. दोन तृतीयांशचा दिवा लागला की टाकीत सत्तावीस गॅलनही असू शकतात आणि एकोणचाळीसही. एवढ्या मोघम सरकारी आकड्यावर काकांचा विश्वास नाही. ते पलंगाची फळी उचलतात, टाकीवर बोटाच्या पेराने टकटक करत खाली येतात आणि आवाज भरीव कुठे होतो ते बघतात. लहानपणी पिंपावर हेच करायचे. पण त्यांचं मुख्य शस्त्र पंप. नळ उघडला की बारा व्होल्टचा पंप गुरगुरतो. गाडीत कुठेही असलं तरी ते ऐकू येतं. काकांच्या वहीत प्रत्येक गुरगुरीचे सेकंद मांडलेले असतात. रात्री दोनला मी चोरपावलांनी उठून हात धुतले. अंधारातून आवाज आला, “नऊ सेकंद. साबण लावताना बंद करत जा.”

दुसऱ्या रात्रीपासून ते पंपाचं बटण बंद करून झोपायला लागले. चावीवाल्याची खुर्ची शेवटी मिळाली.

आंघोळीचं आवर्तन तिसऱ्या दिवशी सुटलं. त्याआधी सल्लागार समितीची बैठक झाली. माझ्या बायकोने शॉवर मागितला. काकांनी गणित मांडलं : कॅलिफोर्नियाच्या नियमाने घरच्या नव्या शॉवरमधून मिनिटाला जास्तीत जास्त १.८ गॅलन पाणी येतं. तसा शॉवर इथे असता, तर बावीस मिनिटांत सगळा जलाशय कोरडा. “म्हणजे आमच्या चिरंजीवांची एक आंघोळ,” बायको पुटपुटली. मग काकांनी आतून पितळी तांब्या आणि एक लहान बादली आणली. माणशी सहा तांबे. डोक्यावरून घ्यायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

स्वयंपाकाचंही तेच. आमटीच्या पातेल्यात कणीक मळायची, कणकेच्या परातीत कांदा कापायचा, कागदी ताटल्या. भांडी घासलेलं पाणी राष्ट्रीय उद्यानात जमिनीवर ओतायचं नसतं, ते गाडीच्या करड्या टाकीतच जातं. त्यामुळे वापरलं तरी वजन कमी होत नाही, नुसतं या टाकीतून त्या टाकीत बदली होऊन जातं. “सरकारी कर्मचाऱ्यासारखं,” काकू म्हणाल्या. त्या पाटबंधारे खात्यातल्या वडिलांच्या लेक आहेत.

त्याच संध्याकाळी शेजारच्या भल्यामोठ्या गाडीतला एक अमेरिकन गृहस्थ संकोचत आला. त्यांची टाकी संपली होती. लेकींनी शॉवर घेतले म्हणे. त्याच्या हातात बागेची हिरवी नळी होती. आम्ही सगळे श्वास रोखून काकांकडे बघू लागलो. सहा तांब्यांवर आंघोळ करायला लावणारा हा माणूस आता काय करणार?

काकांनी अख्खा पाच गॅलनचा कॅन उचलून त्याच्या हातात दिला. तो पैसे द्यायला लागला, तर काका दुखावले. “पाण्याचे कसले पैसे?” मग मात्र ते त्याच्या मागोमाग गेले. पाऊण तास परतले नाहीत. त्याची हिरवी नळी कचऱ्यात गेली, पितळी रेग्युलेटरची माहिती झाली, त्याच्या लेकींना तांब्याचं प्रात्यक्षिक झालं. परत आल्यावर काका खुशीत होते. “चांगली माणसं आहेत. कोणी सांगणारं नव्हतं, एवढंच.” रात्री झोपताना त्यांनी खिडकीतून कान दिला. “त्यांचा पंप सुरू आहे,” म्हणाले, आणि थोड्या वेळाने, समाधानाने, “बंद झाला.”

तीन रात्रींनंतर हिशेब झाला. साठा ५५ टक्के, बावीस गॅलन शिल्लक. म्हणजे एवढं पाणी पाचशे मैल गेलं, वाळवंट बघितलं आणि पाचशे मैल परत आलं. “गेलं तसं आलं,” काकू म्हणाल्या. “आपल्या पैशाने पाण्याला हिंडवून आणलं.” काकांना मात्र यात विजय दिसत होता. त्यांच्या लेखी शिल्लक उरली म्हणजे दुष्काळ हरला. घरी आल्यावर त्यांनी ते पाणी गटारात सोडू दिलं नाही. बादली-बादलीने काढून परसातल्या लिंबाला आणि कढीपत्त्याला घातलं. शेजारीच बागेचा नळ होता, चोवीस तासांचा.

मागच्या मंगळवारी आमच्या दाराला पाणीपुरवठ्याचा कागद अडकवलेला दिसला. पाइपलाइनच्या कामासाठी उद्या सकाळी नऊ ते एक पाणी बंद. संध्याकाळी फोन वाजला.

“कागद पाहिलास?” नातू झाला तेव्हाही काकांचा आवाज एवढा तरुण नव्हता.

“पाहिला, काका.”

“मग? भरलंस का?”

“चारच तासांचा तर प्रश्न आहे,” मी म्हणालो. “सकाळी बघू.”

पलीकडे सुस्कारा. या पिढीचं काही खरं नाही, असा. फोन ठेवून मी बाथरूमकडे गेलो. बाथटब काठोकाठ भरलेला होता, तो दुपारीच मी भरला होता. शेजारी दोन पातेली, कुकर आणि पोरांची पोहायला न्यायची बादली. आणि दारावर वहीचा एक कागद. रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या माझ्या नऊ वर्षांच्या लेकीचं अक्षर :

‘पाणीसाठा : १०० टक्के. आवक : शून्य. विसर्गः : बाबांना विचारून.’

विसर्ग या शब्दाला तिने स्वतःचा एक विसर्ग देऊन टाकला होता. शुद्धलेखनाची ती चूक मी सुधारली नाही. एवढी उधळपट्टी चालायचीच.