आज स्वयंपाक मी करतो

सहा भोपळी मिरच्या भरून ओव्हनमध्ये भाजायला माणसं किती लागतात? आमच्याकडे आठ लागली. स्वयंपाक अर्थात मी एकट्याने केला. बाकीच्या सात जणांनी नुसतं चिरलं, किसलं, कालवलं, पुसलं, शोधून दिलं आणि बॅटरी धरली.

निमित्त अंगारकीचं. लेकीचे सासू-सासरे शिरोळहून गणपतीपुळ्याला दर्शनाला यायचे होते. तिथून आरे-वारेच्या रस्त्याने संध्याकाळी रत्नागिरीत, रात्री चंद्रोदयानंतर आमच्याकडे उपास सोडायचा आणि सकाळी आंबा घाट चढून परत. लेक-जावई त्यांच्याबरोबरच. व्याही जेवायला येणार म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला आधी मासा आठवतो, पण श्रावण आणि त्यात संकष्टी. मिरकरवाड्याच्या दिशेने मान वळवायचीही सोय नाही. हिने आदल्या रात्रीच तांदळाची पिठी चाळली, तीन नारळ सोलून घेतले आणि विषय संपवला. मोदक, वरण-भात, काळ्या वाटाण्यांची उसळ, अळूचं फदफदं, पंचामृत. "एखादी भाजी बघू काहीतरी," एवढं म्हणाली. ते 'काहीतरी' मी अंगावर घेतलं.

वाढदिवसाला लेकीने दिलेला ओव्हन मार्चपासून कपाटावर खोक्यात होता. आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अंगारकीच्या महिन्याच्या पानामागे 'बेक्ड स्टफ्ड कॅप्सिकम' ही पाककृती, रंगीत चित्रासकट. पानाच्या पुढे चंद्रोदयाची वेळ, मागे मिरचीची कृती. दिवसभरात ते पान मी इतक्या वेळा उलटंसुलटं केलं की कॅलेंडर दोनदा खिळ्यावरून खाली आलं. दुसऱ्यांदा आलं ते पिठीच्या परातीत.

आधी बाजार. "सहा भोपळ्या मिरच्या द्या, एकसारख्या आणि उभ्या राहणाऱ्या," असं मी भाजीवालीला म्हटलं. ती म्हणाली, "उभी कशाला हवी हो काका? शाळेत घालायचीय?" पण मी माघार घेतली नाही. ज्या मिरचीच्या बुडाला चार उंचवटे ती उभी राहते, तिनाची असते ती कलंडते, हे मी वाचून गेलो होतो. (चाराची मादी आणि तिनाची नर असंही एक शास्त्र फिरत असतं. ते खोटं. फळाला नर-मादी नसते, बिया दोघींतही असतात.) मी एकेक मिरची टोपलीच्या काठावर उभी करून बघत होतो. माझ्यामागे तीन गिऱ्हाइकं आपापली भाजी घेऊन, पैसे देऊन, घरी जाऊन बहुधा जेवलीही असतील.

हिला मिरची का म्हणायचं, हाही प्रश्नच आहे. मिरचीचा तिखटपणा मोजायची पट्टी 1912 साली विल्बर स्कोव्हिल नावाच्या अमेरिकन औषधशास्त्रज्ञाने काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पातळ केला म्हणजे जिभेला झोंबायचा थांबतो, ते चाखणारी माणसं बसवून बघायचं. त्या पट्टीवर भोपळी मिरचीला शून्य. झोंबणारं जे कॅप्सेसिन, ते हिच्यात तयारच होत नाही. तरी मिरची हे पद कायम. निवृत्तीनंतर सहा वर्षं झाली तरी मला आळीत 'साहेब' म्हणतात, तो ह्यातलाच प्रकार.

घरी आलो तर न्यायालय बसलं होतं. माझी आई चौऱ्याऐंशीची. तिने पिशवीत डोकावून विचारलं, "ही चातुर्मासात चालते?" चालते म्हणून मी मोकळा होत होतो, तेवढ्यात दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकणारा माझा पुतण्या ज्ञान देऊन गेला, "आजी, ही वांग्याच्या कुळातली." आता आमच्याकडे आषाढी एकादशीला सोडलेलं वांगं चंपाषष्ठीपर्यंत उंबरठा ओलांडत नाही. त्याचं कूळ सहा-सहाच्या संख्येने स्वयंपाकघरात शिरलेलं बघून आईने डोळे मिटले. पुतण्याने सारवासारव केली, "बटाटापण त्याच कुळातला गं." आईने डोळे उघडले. बराच वेळ विचार केला आणि निकाल दिला, "बटाटा उपासाला चालतो. हिरवी मिरची उपासाला चालते. मग ही दोघांची बहीण. येऊ दे." सर्वोच्च न्यायालयाला नातेसंबंधांचं इतकं बारीक भान असेल की नाही, कोण जाणे. आपल्या उपासाच्या ताटातला बटाटा, मिरची, शेंगदाणा आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंद हे सगळेच मूळचे अमेरिका खंडातले, हे पुतण्याला सांगायचं होतं. मी त्याला डोळ्यांनी दटावलं.

मग सारण. पाककृतीत कांदा, लसूण, मश्रूम, पनीर, मका, चीज. कांदा-लसूण आईने काढला. मश्रूम म्हणजे अळंबी हे कळल्यावर "ती पावसाच्या तोंडाला, रानातली. खोक्यातली कोण खातं?" म्हणून तीही काढली. ही म्हणाली, ओलं खोबरं घाला, मोदकाच्या चुनासाठी खवलेलं थोडं बाजूला ठेवलंय. पुतण्याने काजूगर सुचवले. आईला आमसूल हवं होतं. लेकीने वाटेतून फोन करून "बाबा, चीज भरपूर" असं बजावलं. एका पातेल्यात मका, पनीर, बटाटा, ओलं खोबरं, काजू, आमसूल आणि चीज एकत्र आलं, तेव्हा ते सारण न राहता संयुक्त सरकार झालं. प्रत्येक घटकपक्षाला वाटत होतं की आपल्यामुळेच चाललंय. तुर्कस्तानात भाज्या भरून करतात त्याला 'दोल्मा' म्हणतात, अर्थ नुसता 'भरलेलं'. आत काय भरलंय ते नावात न सांगण्यात मोठा धोरणीपणा आहे.

ह्या सगळ्या वेळात ओट्याच्या उरलेल्या हातभर जागेत ही मोदक करत होती. उकड मळून, तेलाचा हात लावून लिंबाएवढी गोळी, तिची वाटी, वाटीला चिमटीने कळ्या, आत चून, कळ्या जवळ आणून वर टोक. मोजमाप नाही, चित्र नाही, कॅलेंडर नाही. मी एका मिरचीची टोपी कापून आतल्या बिया चमच्याने खरवडत होतो तेवढ्यात तिचे चार मोदक झाले. मी तिला म्हटलं, "जरा सरकतेस? मला जागा लागेल." ती सरकली. "आणि ती मोठी सुरी, आणि एक फडकं, आणि मीठ कुठंय?" माझं स्वतःचं मत असं की पुरुषाला स्वयंपाक येतो, फक्त मीठ कुठे असतं ते येत नाही.

साडेसहाला ओव्हन खोक्यातून निघाला आणि त्याचा प्लग कुठल्याच सॉकेटात जाईना. जाड पिनांचा, सोळा अँपिअरचा. दीड हजार वॉट खेचणारं यंत्र मिक्सरच्या बटणावर चालत नाही, हे पुतण्याने सांगितलं. घरात जाड सॉकेट एकच, मागल्या पडवीत, न्हाणीघराच्या दाराशी, वॉशिंग मशीनचं. म्हणून अंगारकीच्या दिवशी व्याह्यांसाठीचं खास पक्वान्न कपडे धुवायच्या मशीनवर, साबणाच्या डब्याशेजारी शिजायला बसलं. बाहेर पागोळ्या गळत होत्या. ओव्हनवर तुषार येऊ नयेत म्हणून पुतण्या छत्री धरून उभा. पाककृतीत लिहिलं होतं, 180 अंशांवर पंचवीस मिनिटं. छत्रीचा उल्लेख नव्हता.

सव्वासातला गाडी वाजली. व्याह्यांनी आल्या आल्या डिकी उघडली आणि एक पोतं खाली घेतलं. "घ्या. आपल्या शेडनेटमधली ढबू."

ढबू म्हटल्यावर मी क्षणभर उगाच चमकलो. मग पोत्याचं तोंड सुटलं. आपण जिला भोपळी किंवा ढोबळी म्हणतो, पुण्या-मुंबईचे लोक सिमला म्हणतात, तिला कोल्हापूरकडे ढबू म्हणतात. दहा किलो तरी असेल. मी टोपलीच्या काठावर परीक्षा घेऊन चाळीस रुपये पाव भावाने आणलेली मिरची ही अशीच कुठल्या तरी शेडनेटमधून आंबा घाट उतरून रत्नागिरीला आली असणार. फरक एवढाच, तिने बसचं भाडं माझ्याकडून घेतलं आणि हिने नाही घेतलं.

"हिरवी आत्ताच काढायला लागते," व्याही समजावत होते. "ठेवली तर लाल हुतीया. तिला दर जास्त, पण झाडावर वाट बघायला लागते."

"म्हणजे ही कैरीच की!" आई म्हणाली. हापूसच्या गावात कच्चं फळ पाहुण्यांना वाढायचं तिच्या मनाला पटलं नाही.

"तुमच्याकडे कशी करतात?" मी उत्साहाने विचारलं.

"आमच्यात? आमच्यात खात न्हाईत जास्त. मुंबईला जाती सगळी."

मिरची न खाणाऱ्यांवरून आठवलं, हंगेरीत सेगेदला अल्बर्ट सेंट-ग्योर्गी नावाचे शास्त्रज्ञ होते. एका रात्री बायकोने जेवणात ताजी लाल मिरची वाढली. त्यांना ती खायची नव्हती. नको म्हणायची हिंमतही नसावी. हिची अजून तपासणी केलेली नाही, असं निमित्त काढून ते ती मिरची घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि तिच्यात त्यांना क जीवनसत्त्वाचा मोठा साठा सापडला. ही हकिकत त्यांनी स्वतःच पुढे सांगून ठेवलीय. 1937 साली त्यांना नोबेल मिळालं. आमच्या जावयाने परवा मिरचीचं साल ताटाच्या कडेला लावलं, तेव्हा मी त्याला काही बोललो नाही. न जाणो.

सात चाळीसला मिरच्या आत गेल्या. ट्रेमध्ये सहाच मावल्या, माणसं आठ, हा हिशेब त्या वेळी हिने कढईत चमचा आपटून माझ्या लक्षात आणून दिला. दोन कलंडू नयेत म्हणून त्यांना वाट्यांत बसवलं. काचेतून लाल गज दिसत होते, चीज वितळायला लागलं होतं. लेकीने फोटो काढला. मी ट्रेच्या बाजूला हातात चिमटा घेऊन किंचित मान कलती करून उभा राहिलो.

सात त्रेपन्नला लाईट गेली.

पंधरा मिनिटं वाट पाहिली. मग मी आईला म्हटलं, "तू तवशाचं धोंडस करायचीस ना, टोपाखाली निखारे आणि वर झाकणातही निखारे? तसंच करू." आई अंधारातून म्हणाली, "चूल कुठाय? टाइल्स बसवताना तूच फोडलीस."

मिरच्या बाहेर काढल्या. वरून सुरकुतल्या होत्या, बुडाला कच्च्या, आतलं सारण कोमट. व्याही बॅटरी धरून उभे. कोणीच काही बोलेना. शेवटी विहीणबाईंनी पदर खोचला, "द्या हिकडं." त्यांनी सारणासकट मिरच्यांचे तुकडे केले, पोत्यातल्या आणखी चार चिरल्या. हिने न बोलता कढईत तेल घालून पुढे केली. मोहरी, हिंग, हळद, मिरच्या, वर झाकण, मग बेसन पेरून पुन्हा झाकण. बारा मिनिटं. पीठ पेरून केलेली ती भाजी, मधूनमधून चीजच्या तारा निघणारी. शेजारच्या शेगडीवर मोदकपात्रातून वाफ येत होती. एकतीस मोदक. ते उकडायला वीज लागली नव्हती.

चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता, आभाळ भरून आलेलं. कॅलेंडरवर विश्वास ठेवून आरती केली आणि पानं घेतली. भाजी खरंच बरी झाली होती. व्याह्यांनी दोनदा घेतली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "पावणं, हात चांगला हाय की तुमचा!" मी मान खाली घालून, ह्यात काय मोठंसं, असा चेहरा केला. हिने माझ्या ताटात तिसरा मोदक वाढला, त्यावर तूप. ते तूप जरा जोरातच पडलं.

रात्री लाईट आल्यावर लेकीने फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला. मी, चिमटा, सहा उभ्या मिरच्या. 'बाबा इन किचन!' असं खाली लिहून. सकाळपर्यंत त्रेपन्न अंगठे, अमेरिकेतल्या भाच्याचा एक नमस्कार. मोदकांचा फोटो कोणी काढला नव्हता. अंधार होता म्हणे. मी विचारलं नाही, लेकीने आपणहून सांगितलं.

सकाळी पाहुणे निघाले. नऊच्या सुमाराला फोन आला, साखरप्याला चहाला थांबले होते. "आमची मंडळी इचारत्यात, पुढच्या खेपेला लाल आणू का पिवळी?"

पडवीत पोतं होतं, अजून आठेक किलो. त्याच्यावर काल कापलेल्या सहा टोप्या देठासकट कोणीतरी ओळीने मांडून ठेवल्या होत्या. मी फोन हाताने झाकून आत विचारलं, "काय सांगू?"

ही मोरीत उभी होती. समोर ओव्हनचा ट्रे. 'भिजत घातलाय, सकाळी घासतो' असं रात्री मीच म्हणालो होतो.

"रंग कुठलाही चालेल म्हणावं," ती म्हणाली, "बरोबर घासणारा एक माणूस पाठवा."