पाऊण एचपीचं कार्ड

घ्यायचं नाही हे एकदा पक्कं असलं की तुलना फार मन लावून करता येते. रेवदंड्यात ती सध्या जोरात आहे. संध्याकाळी वडापावच्या गाडीवर चार पोरं उभी असतात, त्यांत आमचा पुतण्याही. विषय ठरलेला: एनव्हिडियाचं जीफोर्स आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक्स कार्ड भारी की ५०९०? चौघांचे मिळून पैसे वडापावापुरते, मतं मात्र दोन लाखांची.

“काका, ४०९०ला सोळा हजार तीनशे चौऱ्याऐंशी कोर. ५०९०ला एकवीस हजार सातशे साठ!”

“मग?”

“मग काय? विषयच संपला.”

संपतो कसला! मेमरी २४ जीबी होती, ती ३२ झाली. मेमरीतून चिपकडे सेकंदाला १,००८ जीबी माहिती जायची, आता १,७९२ जाते. ट्रान्झिस्टर ७,६३० कोटी होते, ते ९,२२० कोटींवर गेले. भारतातली जाहीर किंमत १ लाख ५५ हजारांपासून सुरू व्हायची, ती २ लाख १४ हजारांवर गेली. म्हणजे यातली एकही ओळ मागे राहिलेली नाही, किमतीची तर नाहीच.

एक ओळ मात्र गाडीवर कुणी मोठ्याने वाचत नाही. विजेची. ४०९० पूर्ण जोरात ४५० वॅट घेतं, ५०९० घेतं ५७५. म्हणजे २८ टक्के जास्त. आता ४के रिझोल्यूशनला खेळ लावून ज्यांनी दोन्ही कार्डं तपासली, त्यांना नवं कार्ड साधारण २५ ते ३५ टक्के वेगवान दिसलं. हे दोन आकडे शेजारी ठेवा आणि पुतण्याला विचारा, प्रगती नेमकी कुठे झाली? जेवढं जास्त खाल्लं, जवळजवळ तेवढंच जास्त काम केलं.

कारणही गूढ नाही. ४०९० आलं ऑक्टोबर २०२२ मध्ये, ५०९० आलं ३० जानेवारी २०२५ला. दोन्हींच्या चिपा तैवानच्या टीएसएमसीने जवळपास त्याच पद्धतीने बनवलेल्या. पूर्वी पिढी बदलली की बहुधा ट्रान्झिस्टर बारीक व्हायचे, त्यामुळे तेवढ्याच विजेत जास्त काम निघायचं. या खेपेला बारीक करायला फारसं काही हाती नव्हतं, म्हणून ६०९ चौरस मिलिमीटरची चिप ७५० चौरस मिलिमीटरची केली. नाही म्हणायला मेमरी नव्या जातीची आहे. बाकी तुकडा मोठा कापला आणि त्याला वीज जास्त पाजली, एवढाच चमत्कार.

५७५ वॅट म्हणजे पाऊण एचपीहून थोडं जास्तच. आमच्याकडे पाऊण एचपी म्हटलं की माणसाला विहीर आठवते. तेवढ्या मोटरवर परसातल्या नारळी-पोफळींना पाणी मिळतं. पुतण्याच्या खोलीत तेवढ्याच ताकदीने पडद्यावरच्या चिखलात सूर्याचं प्रतिबिंब दिसेल. दिसू दे, तक्रार नाही. पण रोज चार तास कार्ड पूर्ण जोरात चाललं तर महिन्याला ६९ युनिट एकट्या कार्डाचे. प्रोसेसर, पडदा, पंखा यांचं आणखी वेगळं. महावितरणच्या बिलात पहिल्या १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, हे घरात फक्त बिल भरणाऱ्याला ठाऊक असतं. आणि कार्डाने घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. मे महिन्यात, रेवदंड्यात, दार लावून बसलेल्या माणसाला स्वतःच्या पैशाने हीटर!

हे झालं वीज असताना. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा रायगडातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. तेवढं टोकाचं सोडा. पावसाळ्यात झावळी तारेवर पडली की लाईट जाते. घरचा इन्व्हर्टर दोन ट्यूब आणि तीन पंखे धरून घेतलेला असतो. ५०९०साठी कंपनी १,००० वॅटचा पॉवर सप्लाय घ्यायला सांगते. तो इन्व्हर्टरवर लावून खेळ सुरू केला की इन्व्हर्टर एकदाच ‘टीं’ करील आणि पंख्यासकट सगळ्यांना समान न्याय देईल.

बाहेरून आलेला महागडा माल इथल्या किनाऱ्याला नवा नाही. १४७० च्या आसपास अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी शेजारच्या चौल बंदरात उतरला. बरोबर एक घोडा होता, विकायला आणलेला. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. पोरं त्याच्यावरून रोज जातात, पण त्याने लिहिलेलं वाचावं असं कुणाला वाटत नाही. खरं तर या गावाला लाभलेला तो सगळ्यात प्रामाणिक परीक्षणकार. हिंदुस्थानात आपल्या देशी न्यायला हवा तेवढा माल मिळेल असं त्याला सांगितलं होतं. इथे आल्यावर आपल्या मुलखासाठी काहीच नाही, असं त्याने सरळ लिहून ठेवलं. इथे घोड्यांना हरभरे घालतात, साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी घालतात, हेही लिहिलं. जुन्नरच्या खानाने तो घोडा हिसकावून घेतला. खटपटीने तो परत मिळाला आणि शेवटी बीदरला विकला गेला. विकताना निकितिनने घोड्याची उंची, रंग, वेग यांची टिमकी वाजवली नाही. वर्षभर पोसायला ६८ फुतून गेले, एवढं टिपलं. फुतून हे तेव्हाचं नाणं. साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं होतं की उमद्या जनावराची किंमत ठाणावर कळते, बाजारात नव्हे.

आता जनावर जवळून पाहू. ४०९०चं वजन दोन किलोंच्या वर. कॅबिनेटात आडवं बसवलं की एका बाजूला ओणवतं, म्हणून अनेक कंपन्या खोक्यात टेकू देतात. दीड-दोन लाखांची वस्तू आणि खाली टेकू! तुलनेच्या तक्त्यात टेकूची ओळ नसते. वीज आत घेणारा प्लग तर त्याहून नामी. २०२२ मध्ये काही ४०९० कार्डांचे प्लग वितळले. कंपनी म्हणाली, प्लग पूर्ण आत बसवलेला नव्हता. हे उत्तर आमच्या वायरमनलाही येतं, आणि तो दोन लाख मागत नाही. ५०९० आल्यावर महिनाभरात पुन्हा वितळलेल्या प्लगांचे फोटो आले. त्यात आमची खारी हवा. इथे बिजागरी टिकत नाही, खिडकीचे गज दर दोन पावसांनी रंग मागतात. कार्ड बिघडलं की ते मांडव्याहून बोटीने नाहीतर पनवेलवरून एसटीने मुंबई पाहणार. हमीपत्रावर वर्षं असतात, येण्या-जाण्याचे हेलपाटे नसतात.

आकड्यांची खरी गंमत तर जानेवारी २०२५ मध्ये झाली. एनव्हिडियाचे जेन्सन ह्वांग चकचकीत जाकीट घालून लास व्हेगासच्या मंचावर आले आणि म्हणाले, ५४९ डॉलरचं नवं ५०७० कार्ड १,५९९ डॉलरच्या ४०९०एवढी कामगिरी करील. टाळ्या पडल्या. ४०९०वाले त्या रात्री जेवले नसतील. मग खुलासा कळला: नव्या कार्डात एक चित्र खरोखर काढून झालं की पुढची तीनपर्यंत चित्रं एआय अंदाजाने भरतं. आकडा चौपट दिसतो, पण तुम्ही बटण दाबल्याची दखल खऱ्या चित्रातच घेतली जाते. पटावर शंभर, वर्गात पंचवीस.

“पण काका, फ्रेम तर दिसतात ना?” पुतण्या म्हणतो. दिसतात, बाबा. हजेरीही दिसते.

आणि हा सगळा आटापिटा ज्या कंपनीसाठी, तिला पोरांची गरज किती? जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाला डेटा सेंटरमधून सुमारे ११५ अब्ज डॉलर मिळाले, गेमिंगमधून ११ अब्जांच्या आसपास. ३२ जीबी मेमरीचं आकर्षणही खेळणाऱ्यांपेक्षा घरी एआय चालवणाऱ्यांना जास्त. खेळणारा आता पाहुण्यांच्या पंगतीत नाही, वाढप्यांत आहे. तो आकडे पाठ करतो, गाडीवर भांडतो, दुसऱ्याच्या मनात ओढ पेरतो, सगळं बिनपगारी. स्वतः मात्र फोनवर खेळतो, चार्जरची वायर भिंतीला लावून.

ज्याला लग्नाचे व्हिडिओ कापायचे आहेत, कॉटेजवाल्यांसाठी ड्रोनचं चित्रण जुळवायचं आहे, त्याने या दोघांची तुलना करूच नये. त्याचं काम पन्नास हजारांच्या आतल्या कार्डावर होतं आणि ते कार्ड वर्षात पैसे फेडतं. बाकीच्यांनी खुशाल करावी. फक्त पुढचा नंबर बाजारात आला की तक्ता खालून वर वाचायचा. वॅट आधी, किंमत मग, कोर सगळ्यात शेवटी. कोरांचं राहिलं तरी बिघडत नाही, ते कंपनी ओरडून सांगतेच.