जटाशंकर

तुमच्या गावातही तो असणारच. आधी गिटार आणून झालेली असते, मग बुलेटवरून लडाख होतं, आणि दोन्ही हौशी फिटल्या की गडी केसांकडे वळतो. आमच्या बालाघाटच्या गल्लीतल्या नमुन्याचं खरं नाव आता त्याची आई सोडली तर कुणी घेत नाही. इथून दरवर्षी पचमढीच्या महादेवाला माणसं जातात, जटाशंकरची गुहा पोराटोरांनाही ठाऊक. त्यामुळे त्याच्या दुसऱ्या बारशाला फार वेळ लागला नाही.

जटा वाढवल्या म्हणून माझं काही म्हणणं नाही. माझा राग वेगळाच आहे. त्याच्या डाव्या कानामागे एक लट आहे. बाकीच्या लटांपेक्षा ती म्हणे पुढे गेलेली आहे. भाजी घेताना, एटीएमच्या रांगेत, एकदा तर एका मयतीहून परत येताना, ती लट हातात धरून तो समोर येतो आणि म्हणतो, “काका, जरा दाबून पाहा ना. कडक झाली का?”

आमचा जिल्हा चिन्नोर तांदळाचा. 2021 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. शितावरून भाताची परीक्षा करणं आमच्या रक्तात आहे, हे मला मान्य. पण शीत दुसऱ्याच्या डोक्यावर आणि परीक्षकाला टक्कल, हा प्रकार मला झोंबतो. माझ्या डोक्यावर नोकरी लागली त्या सुमारास जे उजाडलं, ते परत मावळलंच नाही.

या कामाचा कारागीर बालाघाटात मिळत नाही. काली पुतली चौकाकडच्या एका कटिंगवाल्याला त्याने विचारून पाहिलं. तो म्हणाला, “भैया, मैं सुलझाता हूँ, उलझाता नहीं.” शेवटी घरीच बेत झाला. दोन मित्र, एक बारीक दातांचा कंगवा आणि आईची क्रोशाची सुई. डोक्याचे चौकोन पाडायचे, एकेका चौकोनातले केस मुळाकडे उलटे विंचरून गुंता करायचा, आणि बाहेर राहिलेला केसन् केस सुईने आत ओढायचा. आजोळच्या वळणाचे सरळ, रेशमी केस; ते गुंत्यात राहायला तयारच नव्हते. हे काम दोन दिवस चाललं. आई शेवटी एवढंच म्हणाली, “माझं तोरण तेवढं अर्धं राह्यलं.”

मग गल्लीचं शिक्षण सुरू झालं. पहिले काही महिने तो नुसता गुंता असतो; मग लटेत गाठी धरतात, बाहेर पिंजारते, लट वाढायच्या ऐवजी आखूड होते; पुढे हळूहळू ती घट्ट होत जाते. सरळ केसांना त्यासाठी दीड-दोन वर्षंही लागतात. हे सगळं आता आमच्या किराणावाल्यालाही पाठ आहे. वडील भरवेलीच्या मँगनीज खाणीत होते. जमिनीखाली 400 मीटरच्या आसपास उतरणाऱ्या त्या खाणीत त्यांनी जन्मभर डोक्यावर हेल्मेट वागवलं. मुलाच्या डोक्याकडे बघून त्यांना एकच प्रश्न पडला : “याच्यावर हेल्मेट बसन का?” नाही बसलं. मोटारसायकल अंगणात गेली. गडी पायी हिंडू लागला, आणि पायी हिंडणारा माणूस जास्त भेटतो.

सुरुवातीला त्याने वॅक्स मागवलं होतं. मलाजखंडच्या रस्त्याची सगळी धूळ त्यावर येऊन बसली, वर उशीतला कापूस. ते काढायला घरातलं गरम पाणी पुरेना. तेल तर वर्ज्यच. तेलाने केस सुटतात म्हणे. दर शनिवारी वाटीत तेल कोमट करून बसणाऱ्या आईचं तोंड मला बघवत नसे. पण खरी कसोटी पावसाळ्याची. वैनगंगा फुगते त्या दिवसांत आमच्याकडे रुमालसुद्धा वाळत नाही, तिथे लटेचा गाभा कुठला वाळणार? आत ओल राहिली की कुबट वास सुटतो. हा पंख्यासमोर उभा राहणार तोच लाइट जाणार. आमच्याकडे इन्व्हर्टर आहे ही बातमी त्याला कुणी दिली कोण जाणे. तेव्हापासून तो आमच्या बैठकीत पंख्याकडे पाठ करून उभा असतो, आणि मी चहाचा कप तोंडाला लावला की म्हणतो, “काका, दाबून पाहा ना. आतून ओली आहे का?”

बनियनवर बॉब मार्ले. 1945 चा जन्म, 1981 साली कॅन्सरने मृत्यू, आणि शेवटच्या आजारात त्याच्याही जटा गेल्या, हे सांगताना याचा आवाज जड होतो. भारतातून गिरमिटिया मजुरांचं पहिलं जहाज 1845 साली जमैकाला लागलं, तिथे गांजा आपल्याच लोकांनी नेला आणि जटाही बहुधा त्यांच्याच मागोमाग गेल्या, अशी त्याची मांडणी. “म्हणजे काका, मूळ आपलंच!” मी विचारलं, “मग जमैकावरून कशाला आलास? पचमढी जवळ होती.” त्यावर त्याने लट पुढे केली.

मध्यंतरी तुमसरकडचे पाहुणे त्याला बघायला आले होते. मुलीच्या मामांनी अदबीने विचारलं, “कोणतं व्रत घेतलं आहे?” बाबा, सांग ना एखादं व्रत! सोळा सोमवार म्हण, नर्मदा परिक्रमा म्हण. लग्न तिथल्या तिथे ठरलं असतं. हा म्हणाला, “व्रत नाही मामाजी, आवडतं म्हणून.” आणि मामांना लट दाबायला दिली. पाहुण्यांनी पोह्यांचा दुसरा घास घेतला नाही.

आता मागच्या गल्लीतल्या म्हातारीबद्दल सांगतो. तिच्या डोक्यावर जट होती. एकच, मनगटाएवढी जाड, कमरेच्या खाली जाणारी. लाल फडक्यात गुंडाळून ती उजव्या खांद्यावरून पुढे घेऊन बसायची. नवरात्रात बायका तिच्या जटेला कुंकू लावत, नारळ ठेवत. पंगतीत मात्र तिच्या शेजारचं पान रिकामं राही. आमच्या जटाशंकराने ती जवळून पाहिली आणि पळत माझ्याकडे आला. “काका, सुई नाही, वॅक्स नाही, तीस वर्षांची!” शिकाऊ गवयाला उस्ताद भेटावा तसा त्याचा चेहरा झाला होता.

गेला की लगेच शिष्य व्हायला. म्हातारीने त्याच्या डोक्याकडे बघून विचारलं, “कोन्या देवीची हाय रे बाबू तुही?”

“यूट्यूबची, आजी.”

म्हातारीने हात जोडले.

पण या पोट्ट्याने तिला असं काही विचारलं, जे आम्ही इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. झोपतेस कशी? एकाच कुशीवर. मान? उजवीकडे वळत नाही. धुतेस कधी? धुतली तर देवी कोपते. नवरा गेला त्या वर्षी तिने कंगवा हातात घेतला नव्हता, घरात कुणाला तिच्या डोक्याकडे बघायला सवड नव्हती. माणसाचे रोज पन्नास-शंभर केस गळतात. विंचरले नाहीत तर ते तिथेच अडकतात, बाकीच्यांना धरून ठेवतात. जे स्वतःच्या डोक्यावर करायला याला सुई आणि दोन मित्र लागले, ते तिच्या डोक्यावर नुसत्या दुर्लक्षाने झालं होतं. मग कुणीतरी म्हणालं, देवी आली.

“तुले वाटलं तर कापता येते?” तिने विचारलं.

“केव्हाही.”

यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

पलीकडे महाराष्ट्रात दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते जटा सोडवतात, आणि कात्री बाहेर काढण्याआधी कितीतरी दिवस नुसते बोलत बसतात. याने ते सगळं बघून घेतलं. आधी रिठ्याच्या पाण्याने जट धुतली, परसात उन्हाला पाठ करून तिला तासन्‌तास बसवलं. वाळली की नाही हे बघायला त्याला दुसऱ्या कुणाची गरज लागली नाही. उन्हाळाभर हेच चाललं. मग एक दिवस तिनेच शेजारच्या शिंप्याकडची कातर मागवली. घरातल्या कात्रीने ती कापली जाईना. याचे हात थरथरत होते आणि म्हातारी त्यालाच धीर देत होती : “काप रे, भेऊ नको.”

मला तो आवडतो असं मी लिहून देणार नाही. त्याची ती कानामागची लट मात्र केव्हाच कडक झाली आहे, अगदी पक्की. मी त्याला सांगत नाही. विचारलं की म्हणतो, अजून कच्ची आहे. पंख्यासमोर उभं राहायला कुणीतरी लागतंच.

जट कापली त्याच आठवड्यात गल्लीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. तो दर आषाढात उडतो, पण यंदा त्याला कारण मिळालं. कोपऱ्यावरच्यांची म्हैस आटली, कुणाचा मुलगा पटवारीच्या परीक्षेत पुन्हा नापास झाला, सगळं त्या कातरीच्या नावावर जमा झालं. चार प्रतिष्ठित माणसं जाब विचारायला म्हातारीच्या ओट्यावर गेली. जटाशंकराच्या डोक्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढला नाही. म्हातारीने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग उजवीकडे मान वळवून म्हैसवाल्याला विचारलं की मागच्या साली म्हैस आटली होती तेव्हा कुणाची जट कापली होती. तीस वर्षं तिला डावीकडच्याच घरांचं दिसायचं. आता उजवीकडच्यांचीही पंचाईत झाली आहे.