नीरम

"होडी किती वाजता सुटते?" राजपुरीच्या धक्क्यावर तिकीट काढताना मी विचारलं.

"भरली की."

"आणि पोचते?"

खिडकीतल्या माणसाने माझ्याकडे न बघता खाडीकडे बघितलं. "वाऱ्यावर हाय."

मुरूडपासून चार-पाच किलोमीटरवरचं हे गाव. शेजारच्या आगरदांड्याहून दिघीला फेरीबोट जाते. ती मोटारी, ट्रक, सगळं पोटात घालून निघते. राजपुरीहून पाण्यातल्या जंजिरा किल्ल्याला मात्र शिडाची होडी. वारा फुकट असतो असा माझा समज होता, तो तिकिटाच्या खिडकीशीच दूर झाला.

मी आठवडाभर वाचन करून आलो होतो. धक्क्यावर उभं राहून घरच्यांना सिद्दी, आरमार, जझीरा या अरबी शब्दाचा जंजिरा कसा झाला, असं सगळं ऐकवलं. मुलगी मोबाइलमध्ये होती. बायको "हो का?" म्हणाली. हे "हो का" तेहतीस वर्षं एकाच सुरात लागतं.

होडीत पाय ठेवला आणि विद्वत्ता संपली. नारिंगी जॅकेटचे पट्टे माझ्या पोटावर एकमेकांना भेटायला तयार नव्हते. तांडेल सुकाणूपाशी उभा राहून एकेका उतारूकडे कांदे तोलणाऱ्या वाण्याच्या नजरेने बघत होता. माझ्यावर नजर ठरली.

"काका, तुम्ही तिकडं नाय. ह्या बाजूला. आणखी थोडं. हां, बसा. आता हलायचं नाय."

मी बसलो आणि होडी सरळ झाली.

गलबताच्या तळाशी तोल राखायला दगड-वाळू भरतात, त्याला नीरम म्हणतात. हा शब्द मी त्याच आठवड्यात वाचला होता आणि कुठेतरी वापरायला मिळावा म्हणून राखून ठेवला होता. अशा तऱ्हेने मिळेल असं वाटलं नव्हतं.

दोघा खलाशांनी दोर ओढला. तिरकं परबाण डोलकाठीवर कुरकुरत चढलं, ठिगळांचं शीड दोनदा फडफडलं आणि मग एकदम फुगलं. त्याबरोबर सगळे गप्प झाले. इंजिन नाही, धूर नाही. फळ्यांखाली पाण्याची चुळुक-चुळुक तेवढी. मुलीने मोबाइल खिशात ठेवला. या एका गोष्टीसाठी मी तिकिटाचे पैसे माफ केले.

मग निम्म्या वाटेत वारा पडला. शीड वाळत घातलेल्या ओल्या धोतरासारखं लोंबू लागलं. जानेवारीतले अकरा वाजले होते.

"मतलई पडला," तांडेल म्हणाला. जमिनीवरून समुद्राकडे जाणारा सकाळचा वारा तो मतलई. जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा उठतो. या दोघांच्या मधे सुट्टी. सरकारी कचेरीतला जेवणाचा तास म्हणा ना.

किल्ला समोर दिसत होता. वेळ होता म्हणून मी सांगायला सुरुवात केली, की 1682 च्या सुमारास संभाजीराजांनी हेच पाणी भराव घालून बुजवायला घेतलं होतं, पण मोगलांची फौज कल्याणकडे आल्याने काम अर्धवट टाकावं लागलं.

"पुरं झालं असतं तर बरं होतं," मागून एक आजी म्हणाल्या. "चालत गेलो असतो."

शेवटी वल्ही मारून पोचलो. जंजिऱ्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि दिसला तरी आत शिरणं सोपं नाही, हे इतिहासात वाचलेलं तिथे पटलं. पायऱ्यांपाशी होडी हातभर वर जाते, हातभर खाली येते. वर गेली की उडी मारायची. आजी गेल्या. बायको पदर खोचून गेली. शिवाजीमहाराजांसाठी सोनकोळ्यांच्या लाय पाटलाने रात्रीच्या अंधारात या तटाला शिड्या लावल्या अशी कथा आहे. मला दिवसाउजेडी दोन खलाशी लागले. एकाने दंड धरला, दुसऱ्याने मागून जॅकेट. बक्षीस म्हणून महाराजांनी दिलेली पालखी लाय पाटलाने नाकारली म्हणतात, दर्यावरच्या माणसाला ती काय कामाची म्हणून. मी घेतली असती.

दरवाज्यावरच्या दगडी श्वापदाने सहा हत्ती पकडलेत: चार पंजांत चार, तोंडात एक, शेपटीत एक. कलालबांगडी तोफ कितीही उन्हात तापत नाही, असं वाटाड्याने शपथेवर सांगितलं. मी तळवा ठेवला. लगेच उचलला. तिथल्याच बुरुजावरून पद्मदुर्ग दाखवताना मात्र मला राहवलं नाही. राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी म्हणून महाराजांनी तो उभारला, आणि त्याची रसद पोचवायला दिरंगाई करणाऱ्या सुभेदाराला 1675 साली असं पत्र लिहिलं की आजही वाचताना खुर्चीत सावरून बसावंसं वाटतं.

"हो का?" बायको म्हणाली. "पाऊण तास झाला. होडी जाईल."

परतताना खारा वारा चांगलाच उठला होता. धापा टाकत पोचलो, तर माझ्या फळीवर एक किडकिडीत तरुण पाय पसरून बसलेला. मी मुकाट्याने दुसरीकडे वळलो.

"ए, ऊठ तिथनं!" सुकाणूवरून तांडेल ओरडला. "ती काकांची जागा हाय. त्यांच्याशिवाय होडी सुटायची नाय."

सगळी होडी माझ्याकडे बघू लागली. मी पोट सावरून, लाय पाटलाच्या ऐटीत, जागेवर बसलो.