शेवटच्या बरणीस अनावृत पत्र

प्रति,
सर्वसंचारी शेवटची बरणी (मेळघाटचा मध, ५०० ग्रॅम),
मुक्काम : दुकानाची मधली फळी, अचलपूर, जि. अमरावती.

विषय : एकाच वेळी चार ठिकाणी विक्रीस हजर राहिल्याबद्दल अभिनंदन.

महोदया,

वऱ्हाडच्या इमादशाहीची (१४९०–१५७४) राजधानी असलेल्या अचलपूरने एका गादीचे दोन दावेदार पाहिले आहेत. परंतु एका बरणीचे चार धनी एकाच दुपारी उभे राहावेत, हा चमत्कार ऑनलाइन व्यापाराच्या काळातच घडू शकला आणि त्याचे श्रेय सर्वस्वी आपले आहे. अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट, दुकानाचे स्वतःचे संकेतस्थळ आणि प्रत्यक्ष गल्ला या चारही विक्रीमार्गांवर ‘शिल्लक : १’ म्हणून आपली गणना होते, आणि प्रत्येक मार्ग आपापली शिल्लक स्वतंत्रपणे धरत असल्यामुळे एकालाही उरलेल्या तिघांची खबर नसते. परिणामी आपण पुणे, नागपूर आणि बंगळूर येथे रीतसर विकल्या जाता, आणि प्रत्यक्षात मात्र ‘एक मध द्या जी’ म्हणत गल्ल्यावर आलेल्या गिऱ्हाइकाच्या पिशवीतून निघून जाता. हाती असलेल्या मालापेक्षा अधिक ऑर्डरी स्वीकारण्याच्या या प्रकारास ‘ओव्हरसेलिंग’ म्हणतात. पाठवणीपूर्वी विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरींचे प्रमाण २.५ टक्क्यांच्या आत राहावे, अशी अ‍ॅमेझॉनची अट आहे. ज्या दुकानाला आठवड्यात वीसच ऑर्डरी येतात, तेथे एक ऑर्डर रद्द होताच हे प्रमाण ५ टक्क्यांवर जाते, म्हणजे दुकानाची पत घालवण्यास आपण एकट्या पुरेशा आहात.

आपल्या या लीलांना आवर घालण्यासाठी साठा व ऑर्डरी सांभाळणारे सॉफ्टवेअर योजले जाते. ‘एपीआय’ म्हणजे दोन संगणक प्रणालींनी ठरलेल्या रीतीने एकमेकींशी देवाणघेवाण करण्याची सोय; तिच्याद्वारे सर्व मार्गांवरील ऑर्डरी एकत्र येतात, विकलेला नग राखून ठेवला जातो आणि उरलेली शिल्लक सगळीकडे परत कळवली जाते. ही देवाणघेवाण दर पंधरा मिनिटांनी होत असेल, तर मधली चौदा मिनिटे आपल्या संचाराला मोकळीच राहतात. म्हणून जाणता दुकानदार काही नग ‘राखीव साठा’ म्हणून बाजूला धरतो आणि फळीवर पाच बरण्या असताना ऑनलाइन तीनच दाखवतो.

वऱ्हाडाला ही व्यवस्था अगदीच अपरिचित नाही. शकुंतला रेल्वेच्या २ फूट ६ इंचांच्या रुळांवरून अचलपूरकडचा कापूस मूर्तिजापूरला पोहोचला, की तेथील ५ फूट ६ इंचांच्या मोठ्या लोहमार्गावर तीच वाघीण चालणे शक्य नसल्याने गठाणी उतरवून दुसऱ्या गाडीत चढवाव्या लागत. दोन मापांच्या रुळांमधील हा सांधा म्हणजेच आजचे जोडणी-सॉफ्टवेअर होय. फरक इतकाच, की तेथे हमालाच्या पाठीवर खरी गठाण असे, येथे केवळ आकडा वाहिला जातो, आणि आकडा खोटा असला तरी त्याचे ओझे कोणाला जाणवत नाही.

आपल्या कर्तृत्वाचा कळस येथेच दिसतो. प्रत्येक वस्तूला दिलेल्या स्वतंत्र ओळखखुणेस ‘एसकेयू’ म्हणतात. आपण मात्र एका मार्गावर ‘मध ५००’, दुसऱ्यावर ‘मेळघाट हनी’ आणि तिसऱ्यावर ‘मोठी बरणी’ या नावांनी वावरता, त्यामुळे सॉफ्टवेअर आपल्याला तीन निराळ्या वस्तू समजून तिघींचा आदराने सांभाळ करते. दोन बरण्यांचा जोडसंच विकला गेला, तर तो दोन नगांचा आहे हे कोणीतरी आधी नोंदवलेले असावे लागते. ते नसेल, तर शिलकेतून एकही बरणी वजा होत नाही. कुरिअरने फुटून परत आलेली बरणी तपासणीविना जमेस धरली गेली, तर ती काचेच्या तुकड्यांसह पुन्हा ‘शिल्लक : १’ होते. आणि गल्ल्यावरून उधारीने, कच्च्या चिठ्ठीवर गेलेली बरणी तर सॉफ्टवेअरच्या लेखी कधीच जात नाही.

एकाच सामाईक नियमावलीने अनेक खरेदी-विक्री मंचांना जोडू पाहणारी ‘ओएनडीसी’ ही संस्था ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झाली. परंतु जोडण्या कितीही सुलभ झाल्या तरी फळीवरचा माल मोजण्यास कोणताही मंच अचलपूरला येणार नाही. चुकीची शिल्लक हाताने चार ठिकाणी भरायला दिवस लागत असे, ती आता एका क्षणात सर्वत्र पोहोचते, एवढी प्रगती निश्चित झाली आहे.

सबब आपणास विनंती, की आपण एकच नाव धारण करावे, उधारीने जातानाही बिल करूनच जावे, आणि दर शनिवारी दुकान वाढवण्यापूर्वी होणाऱ्या मोजणीस फळीवर जातीने हजर राहावे. गैरहजर राहिल्यास सर्व मार्गांवर आपली शिल्लक शून्य लावण्यात येईल.

कळावे,
सॉफ्टवेअर आल्यावरही सेवेत ठेवावी लागलेली,
दुकानाची रोजकीर्द