काटकसरीची जीप

महिंद्रांनी १९४० च्या दशकाअखेरीस मुंबईत विलिज जीपची जुळणी सुरू केली. त्या वंशातल्या म्हाताऱ्या जीपचा गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल उमापूरसारख्या गावात कुणी अंगणातच खोलायला घेतले, तर त्याला हौस म्हणावे. काटकसर म्हणू नये. "यंत्र साधे आहे, पान्यांनी खुलते," असे म्हणतात. खुलते हो! पण डिफरन्शियलच्या क्राउन-पिनियनमधली फट शिम घालून मिलिमीटरच्या शतांशांत जुळवावी लागते, आणि अंगणात डायल गेजच्या जागी बहुधा हातोडाच असतो. मग मागचा एक्सल जन्मभर घुंई करतो. "काळ्या चिखलात चारही चाके ओढतात ना?" ओढतात. मात्र पुढच्या आणि मागच्या एक्सलांच्या मधे वेगळे डिफरन्शियल नसल्याने चारही चाके जोडणारा दांडा कोरड्या डांबरावर टाकला की गिअरांवर फुकटचा ताण येतो. आणि मिरवायचे तर डांबरावरच असते! तेव्हा आधी डायल गेज घ्या, गॉगल नंतर.