रिव्हर्सला गाणारी गाडी

आमच्या पिकअपमध्ये संगीत होतं, पण फक्त गाडी मागं घेताना. रिव्हर्स पडला की बंपरखालून पिपाणी सुरू व्हायची आणि गाडी बाजारात लागली हे अख्ख्या नारायणगावाला कळायचं. पुढं जाताना मात्र इंजिन, दार, हौद्याची साखळी आणि सीटखालचा जॅक यांचं सामुदायिक भजन. ज्या गावात पाडव्याच्या सुमारास तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात, तिथली गाडी मुकी असणं काही बरं दिसत नव्हतं.

टोमॅटोची बरी पट्टी हातात आली तसं मी घरात जाहीर केलं, चार हजारांत टेप बसवायचा. आप्पा म्हणाले, "तेवढ्यात औषधाची फवारणी होते." आईनं एकच विचारलं, "हरिपाठ लागतो का त्यात?" लागतो म्हटल्यावर बजेट मंजूर झालं. आमच्या घरातलं विरोधी मत नेहमी असंच देवाच्या नावानं पडतं.

चुलतभावाला मात्र 'बेस' हवा होता. त्याचा जीव 4440 आयसीच्या घरगुती ॲम्प्लिफायरवर. एकेकाळी रेडिओ दुरुस्तीच्या टपरीटपरीवर हीच आयसी सोल्डर होत असे. ती एका बाजूला जेमतेम 6 वॅट देते, ब्रिज केली तर 19 च्या आसपास. पण त्यासोबत त्याला सीटमागं सबवूफरचा खोका पाहिजे होता. आमच्या सीटमागं ताडपत्री, दोर, पाना-पेटी आणि आप्पांची छत्री एवढ्यांची वस्ती आहे. त्यात खोका बसवायचा तर ड्रायव्हरनं हौद्यात बसावं लागलं असतं.

मग पुण्याला तापकीर गल्ली गाठली. दुकानदारानं डेकचं खोकं पुढं सरकवलं. त्यावर ठळक अक्षरांत '4 × 50 वॅट'. खोक्यावरचे वॅट निवडणुकीतल्या आश्वासनांसारखे असतात, मोजायला कुणी बसत नाही. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची, इंजिन चालू असताना फार तर 14 चा दाब. स्पीकर 4 ओहमचा. एवढ्यावर डेकमधली आयसी एका स्पीकरला धड 15 ते 20 वॅट देते, त्यापुढं आवाज वाढत नाही, फाटतो. हे गणित मी काउंटरवर तोंडी करून दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, केबिनमधून वरात काढायचीय का?"

नव्हती काढायची. डेक स्वस्तातला घेतला, 1,100 चा. स्पीकर सहा इंची, जोडी 1,600 ला. माझं मत विचाराल तर पैसा ओतायचा तो स्पीकरवर आणि दारावर. दाराला नुसतं भोक पाडून स्पीकर ठोकला की त्याच्या पाठीमागून निघालेला आवाज आतल्या पत्र्याच्या भोकांतून केबिनमध्ये येतो, पुढच्या आवाजाला खातो, आणि ढोलकीचा डग्गा गायब होऊन नुसती चाट उरते. म्हणून ती भोकं बुजवायची. गोठ्याच्या पत्र्याला लावून उरलेली डांबरी पट्टी मी आतून चिकटवली. आवाज भरदार झाला. ऊन चढलं की केबिनमध्ये नव्या रस्त्याचा वास येतो. आमच्या भागात तो एरवी क्वचितच मिळतो, त्यामुळे पाहुणे खूश होतात.

पत्रा कापायच्या आधी वायरमनला काच पूर्ण खाली घ्यायला लावली. हे फार महत्त्वाचं. स्पीकरचं मॅग्नेट खोल असेल तर काच अर्ध्यात अडते, आणि मग डिझेल भरल्यावर दार उघडून पैसे द्यावे लागतात. जोडणी सोपी असते. पिवळी वायर फ्यूजमधून थेट बॅटरीला, लाल चावीला, काळी बॉडीला. वायरमननं पाच मिनिटांत उरकलं आणि गाडी चालू केली. गाण्याच्या मागं एक 'कुंईऽऽ' लागली. ॲक्सिलरेटर दाबला की ती वरच्या पट्टीत चढायची, सोडला की उतरायची. वायरमन म्हणाला, "भाऊ, इंजिन सूर धरतंय."

इंजिन नव्हे, अल्टरनेटर. काळी वायर त्यानं रंगावरच आवळली होती. स्क्रू काढला, पॉलिश पेपरनं एका रुपयाएवढी जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासली, परत आवळली. कुंई गेली. वायरमनचा चेहरा मात्र उतरला. त्याला तो आवाज आवडला असावा.

रेडिओचं म्हणाल तर ती वेगळीच कथा. आमच्या शेजारी खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या 45-45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाशाकडं कान लावून असतात. कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांचा आवाज त्यांना ऐकू येतो. माझ्या डेकला पुण्याचं एफएम ऐकू येत नाही. आजूबाजूच्या डोंगरांमुळे इथं रेडिओचा गोंगाट कमी, हे ती दुर्बीण इथं बांधण्यामागचं एक कारण. शास्त्राचं भलं झालं, माझी खरखर झाली.

म्हणून पेनड्राइव्ह. मोबाइलच्या दुकानातल्या पोरानं तो गच्च भरून दिला. हे स्वस्त डेक गाणी नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत, ज्या क्रमानं भरली त्याच क्रमानं वाजवतात. आई पहिल्यांदा गाडीत बसली, पदर सावरून हात जोडले, आणि डीजेवाल्या हळदीच्या गाण्यानं केबिन दणाणली. दोन गाणी झाल्यावर हरिपाठ आला. आई म्हणाली, "पहिलं पण बरं होतं की."

वायर, फ्यूज आणि मजुरी धरून 3,600 लागले. साठच्या वेगाला, काच खाली असताना, शब्द न् शब्द कळतो. डिझेलच्या केबिनमध्ये याहून जास्त मागणं हावरटपणा आहे. तुम्ही जुन्या पिकअपला टेप बसवणार असाल तर खोक्यावरचे वॅट वाचू नका, काच खाली घेऊन दाराची खोली मोजा, काळ्या वायरीखालचा रंग स्वतः घासा, आणि सबवूफरचे पैसे डिझेलला ठेवा.